सिंहांची साडीपिन

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगमधलं ते घर मला मिळालं, ते मी हॉस्पिटलात काम करते म्हणून. त्याआधीचं घर गेलं होतं तेही त्याच कारणाने.

साथ नुकती सुरू झाली होती. मी रेडिओग्राफर. वॉर्डात मशीन ढकलत न्यायचं आणि कोविडच्या पेशंटच्या छातीचे एक्स-रे काढायचे, हे माझं रोजचं काम. ज्या जोडप्याकडे मी खोली घेऊन राहत होते ती माणसं वाईट नव्हती. आधी त्यांनी माझी ताटवाटी वेगळी केली. मग वॉशिंग मशीन 'जरा बिघडलं'. आणि एके दिवशी बाईंनी मास्क लावून, दार अर्धवट उघडं ठेवून विचारलं, "यू अंडरस्टँड, ना?"

मला कळलं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी एक नंबर टाकला. खाली लिहिलं होतं, 'घरामागे ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे छोटं वेगळं बिऱ्हाड, रिकामं आहे. बाई मात्र जरा विक्षिप्त आहेत, सांभाळून.'

मी फोन केला आणि आधीच सगळं सांगून टाकलं, म्हणजे नंतर परत सामान उचलायला नको.

"हॉस्पिटलात?" पलीकडून आवाज आला. "म्हणजे हात नीट धूत असशील."

"हो."

"आणि हात स्थिर आहे का तुझा? एक्स-रेला स्थिर हात लागतो ना?"

"एक्स-रेला पेशंट स्थिर लागतो," मी म्हटलं.

त्या मोठ्याने हसल्या. "ये. आजच ये."

गेटवर त्या उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, कानापर्यंत कापलेले पांढरे केस, सलवार-कमीजवर लॅबमधला जुना पांढरा कोट. एका कानात चिमुकल्या पेटीच्या आकाराचं सोन्याचं कानातलं लोंबत होतं, दुसऱ्या कानात काहीच नाही. माझी नजर तिकडे गेलेली बघून म्हणाल्या, "दुसरं व्हायचंय अजून. एक झालं म्हणून घातलं. दुसऱ्यासाठी पहिल्याने का थांबायचं?"

ते दुसरं मी तिथे असेपर्यंत झालं नाही.

त्यांच्या नवऱ्याला पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात नोकरी लागली म्हणून त्या ऐन तरुणपणी इकडे आल्या. मग त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये त्यांनी स्वतः उभं आयुष्य काढलं. पोलादाचे तुकडे घासायचे, पॉलिश करायचे आणि मायक्रोस्कोपखाली त्यांचा रवा बघायचा. "धातूला रवा असतो," त्या सांगत. "वरून गुळगुळीत दिसतो, पण आत सगळा रवाच. माणसाचंही तसंच असेल, पण माणसाला घासून बघता येत नाही." आणि मग स्वतःच म्हणत, "येतं तसं. लग्न म्हणतात त्याला."

मंडळात त्यांना 'इट्रुस्कन काकू' म्हणत. इथे वाढलेली मुलं 'ट्रस्की आँटी' म्हणत. गणपतीला कुणी सहज शेजारी बसलं तरी बोलणं दोन वाक्यांत इटलीला पोचायचं, त्यामुळे त्यांच्या शेजारची खुर्ची बहुतेक रिकामी असे. मीही पहिल्या आठवड्यात घाबरतच विचारलं होतं, "काकू, हे इट्रुस्कन म्हणजे नक्की कोण?"

"रोमच्या आधी रोमच्या शेजारी राहणारे लोक. चांगले लोक होते. खायचे, प्यायचे, नाचायचे, बायकांना बरोबर घेऊन जेवायचे. आणि सोन्यावर असं काम करायचे की नंतर कितीतरी शतकं कुणाला ते कळलंच नाही. मग रोमन आले आणि सगळं संपवून टाकलं. शिस्तीचे लोक."

'शिस्तीचे' हा शब्द त्या शिवीसारखा वापरत.

ते काम म्हणजे रव्याचं काम. सोन्याचे अगदी बारीक गोळे करायचे, रव्याच्या लाडवातल्या रव्याहून बारीक, आणि ते दागिन्यावर ओळीत बसवायचे. आपल्याकडेही सोनार रव्याचं काम करतात, पण इट्रुस्कन लोकांचा रवा पिठासारखा. आणि मुख्य म्हणजे डाग, म्हणजे जोडायला लागणारा वितळता धातू, न देता. डाग दिला की तो वितळून गोळ्यांच्या मधल्या फटी बुजवतो आणि सगळा लगदा होतो. ते लोक तांब्याचा क्षार डिंकात कालवून त्याने गोळे चिकटवायचे आणि तापवायचे. डिंक जळून जायचा, तांबं सोन्यात मुरायचं, आणि गोळा जिथे टेकलाय तेवढ्याच ठिपक्यावर धरायचा.

हे सगळं काकू गॅरेजमध्ये करत. गाडी बाहेर पावसात. "गाडीला काय होतंय? ती पोलादाची आहे." आत एक टेबल, कोळशाची वीट, गॅसचा टॉर्च आणि बरण्या. डिंक लाडवांचाच, इंडियन स्टोअरमधून आणलेला. तांब्याचा क्षार त्या घरीच करायच्या: सासूबाईंच्या तांब्याच्या भांड्याचे तुकडे करून ते व्हिनेगरवर टांगून ठेवलेले. त्यांवर हिरवी पूड धरे, ती खरवडून बरणीत. आधीच्या भाडेकरूने ती पुदिन्याची समजून सँडविचवर घ्यायला काढली होती म्हणे, तेव्हापासून बरणीवर कवटीचं चित्र होतं.

मी 'नो वरीज' म्हटलेलं त्यांना अजिबात खपत नसे. "वरीज नाहीत कशा? आहेत. भरपूर आहेत. खोटं बोलू नकोस." डिलिव्हरीवाल्या पोऱ्यालाही त्या हेच सांगत, इंग्रजीत. तो बिचारा 'ऑल गुड, लव्ह' म्हणून पळायचा.

रविवारचं दुपारचं जेवण मात्र त्यांच्याकडे सक्तीचं होतं, आणि ते आडवं पडून करायचं होतं. इट्रुस्कन लोक लोडाला टेकून, डाव्या कोपरावर रेलून जेवत, म्हणून. व्हरांड्याच्या एका टोकाला त्यांचा दिवाण आणि अंतर राखायचं म्हणून दुसऱ्या टोकाला माझी गादी. पहिल्या रविवारी आमटी माझ्या कोपरापर्यंत गेली.

"हळूहळू जमेल," त्या म्हणाल्या. "त्यांचा भात सुटा नसायचा, हे लक्षात घे."

"त्यांच्याकडे भात होता?"

"नव्हता. म्हणूनच तर सोपं पडायचं त्यांना."

त्या दिवाणाच्या वर एक मोठा फोटो होता. एका थडग्यावरची मातीची मूर्ती: नवरा-बायको जेवणाच्या आसनावर शेजारी शेजारी रेललेले, त्याचा हात तिच्या खांद्यावर, दोघंही हसताहेत. थडग्यावर इतकी प्रसन्न माणसं मी कधी पाहिली नव्हती. एकदा मी विचारलं, "काका जेवायचे असे आडवे?"

"छे. ते म्हणायचे, मी काय आजारी आहे? जन्मभर टेबलावर बसून जेवले, ताठ." काकू थोडा वेळ भाकरीचा तुकडा मोडत राहिल्या. "मग खरंच आजारी पडले. हॉस्पिटलचा पलंग या पुढच्या खोलीत आणून टाकला होता. उठता येत नव्हतं, मीच भरवायची. एक दिवस मनात आलं, मी कशाला बसलेय खुर्चीवर? मुलाची जुनी कॅम्पिंगची कॉट काढली, त्यांच्या पलंगाला लावली आणि माझं ताट घेऊन शेजारी आडवी झाले. ते बघत राहिले माझ्याकडे. म्हणाले, शेवटी तू तुझंच खरं केलंस. आणि हसले. असं," त्यांनी भाकरीचा तुकडा फोटोकडे रोखला, "अस्संच."

त्या दिवसापासून मी सांडण्याबद्दल तक्रार केली नाही.

एवढं सगळं असून काकूंनी इट्रुस्कन लोकांचा एकही खरा दागिना पाहिलेला नव्हता. हे मला कळलं तेव्हा विश्वासच बसेना. त्यांची सगळी विद्या लायब्ररीने काढून टाकलेल्या एका जाड चित्रांच्या पुस्तकातून आली होती. त्यात एका पानावर रोमच्या संग्रहालयातली एक भली मोठी सोन्याची पिन होती, अंगावरचं वस्त्र खांद्यावर अडकवायची. तिच्यावर सिंह चालताहेत आणि सिंहांभोवती नक्षी, सगळी रव्याची. काकू तिला 'सिंहांची साडीपिन' म्हणत. ते पान हाताळून कापडासारखं मऊ झालं होतं. नोकरी, मुलगा, मग नवऱ्याचं आजारपण, असं करत करत जाणं राहिलं. शेवटी तिकीट काढलं ते नेमकं साथीच्या वर्षाचं. ते रद्द झालं, आणि मग देशाची दारंच बंद झाली. बाहेर जायचं तर सरकारची परवानगी. काकूंनी अर्ज केला. कारण काय लिहिलं, विचारलं तर म्हणाल्या, "साडीपिन बघायचीय, असं लिहिलं. खरं तेच लिहिलं." अर्ज अर्थातच नामंजूर झाला.

माझंही काही वेगळं नव्हतं. माझं लग्न ठरलं होतं. तो डार्विनला नोकरीला, मी इथे. मधल्या राज्यांच्या सीमा कधी उघडत, कधी बंद होत. आमच्या दोघांच्या घरचे पुण्यात. लग्न पुढे, पुढे आणि पुढे ढकललं जात होतं. एका रविवारी आई व्हिडिओ कॉलवर रडायला लागली. दागिने पाठवायचे कसे, कुरियर बंद, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवावं तर कुणी येत-जात नाही. "साध्या पोतीवर लग्न लावणार का गं? मंगळसूत्राला वाट्यासुद्धा नाहीत."

काकू लोडावरून उठल्या आणि माझ्या हातातून फोन घेतला. त्या आईला पहिल्यांदाच भेटत होत्या. "वाट्या मी करते. दोन्ही. माहेरचीही आणि सासरचीही. सोनं काय आहे तिच्याकडे?"

माझ्याकडे आईनेच निघताना घातलेली एक बांगडी होती. आई म्हणाली, "तिच्या आजीची आहे ती."

"मग तर उत्तमच," काकू म्हणाल्या. "आजी गळ्यात येईल."

आईने डोळे पुसले आणि "तुम्ही म्हणाल तसं" म्हटलं. त्यानंतर दोघी मला वगळून रोज बोलायला लागल्या.

माहेरची वाटी दिवाळीच्या सुमारास झाली. कडेला रव्याची दुहेरी ओळ आणि मध्ये एक कमळ, तेही रव्याचं. ती मी हातात घेतली तेव्हा बोटांना ते काम आधी कळलं, डोळ्यांना नंतर. आईला कॅमेऱ्यात दाखवली, ती नुसती "अगं बाई" म्हणत राहिली.

सासरची वाटी राहिली. ती लांबत गेली. काकू भिंग लावून, मान तिरपी करून बसत. मला वाटे, मानेचं दुखणं असेल. पुढच्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जुलैत, परत कडक लॉकडाऊन लागला तेव्हा एका दुपारी त्यांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं. वाटी तयार होती, फक्त तापवायची राहिली होती. हाच क्षण सगळ्यात अवघड. सोनं लाल होतं, आणि मग एकाएकी पृष्ठभागावरून ओली चमक सळसळत जाते, तळ्यावरून वारा गेल्यासारखी. ती दिसली की त्याच श्वासात ज्योत बाजूला घ्यायची. घेतली नाही तर संपलं.

त्यांनी ज्योत धरली. सोनं लाल झालं. मग ती चमक आली, मी अगदी स्पष्ट पाहिली. ज्योत हलली नाही. काकू तशाच वाकून बघत होत्या, शांतपणे वाट बघत असल्यासारख्या. वाटीची कड खचली, रवे एकमेकांत मिसळले, आणि कोळशावर एक सोन्याचा गोळा गरगर फिरत राहिला.

"काकू!"

त्यांनी टॉर्च बंद केला. "आली होती का?"

"काय?"

"चमक. आली होती?"

"हो, केव्हाच."

त्या स्टुलावर बसल्या. बराच वेळ पांढऱ्या कोटाची बटणं लावत-काढत राहिल्या. "मला मधलं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "कडेचं दिसतं. मधोमध करडा ढग असतो. जिकडे बघते तिकडे ढग. डॉक्टर म्हणतात वाढत जाणार. आधी एकाच डोळ्याला होतं." मग एकदम, "मुलाला सांगू नकोस. तो घर विकायला लावेल."

मुलगा मेलबर्नला, ट्रुगानिनाला राहायचा. चांगला होता, रोज फोन करायचा. न सांगताही त्याला ते कळलंच, कारण व्हिडिओवर काकू त्याच्याकडे न बघता भिंतीकडे बघत बोलायला लागल्या होत्या. "मम, यू कान्ट ईव्हन सी द बस नंबर," तो म्हणायचा. काकू मराठीत उत्तर द्यायच्या, "बस एकच येते इथे. नंबर बघून काय करू?"

पण आमच्यात त्यावर फार बोलणं झालं नाही. वाटी वितळली त्याच्या दुसऱ्याच दिवशी काकू गोळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "सोनं कुठे जात नाही. परत ठोकू. पण रवे तू बसवायचे."

"मी? मला येत नाही."

"मला पण येत नव्हतं. बस इथे."

शिफ्ट संपवून आले की आंघोळ करून मी गॅरेजमध्ये जायची. दार सताड उघडं, दोघींच्या तोंडावर मास्क. ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक गोळा उचलायचा, डिंकावर टेकवायचा. श्वास सोडला तरी गोळे उडून जात, म्हणून मास्कचा पहिल्यांदाच काहीतरी वेगळा उपयोग झाला. दिवसभर मी ज्या छात्यांचे फोटो काढत होते त्या डोळ्यांसमोरून जात नसत. पण इथे बसलं की हळूहळू फक्त पुढचा गोळा उरायचा. काकू शेजारी बसून विचारत, "ओळ सरळ आहे?" मी म्हणे, "नाही." त्या म्हणत, "असू दे. सासरचीच आहे. सासर थोडं वाकडं चालतं."

तापवायच्या दिवशी ज्योत त्यांच्या हातात होती आणि डोळे माझे. सोनं लाल झालं. मी काहीच बोलेना. "अजून?" त्यांनी विचारलं. "अजून." आणि मग वारा गेला. "आता!" मी किंचाळले. ज्योत बाजूला. शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "यू राइट, लव्ह?" काकू कुंपणाकडे तोंड करून ओरडल्या, "नो वरीज, मेट!"

त्यांच्या तोंडून तो शब्द मी तेवढा एकदाच ऐकला.

सीमा उघडल्यावर तो डार्विनहून आला आणि मागच्या अंगणात आमचं लग्न झालं. दोन्ही घरं लॅपटॉपच्या पडद्यावर. मुहूर्त पुण्याचा, म्हणून इथे भर दुपारी ऊन डोक्यावर. काकूंनी त्या दिवशी लॅबचा कोट घातला नाही. आईच्या वतीने उभ्या होत्या म्हणून नऊवारी नेसल्या. सासूबाईंना मी दोन्ही वाट्या जवळ धरून दाखवल्या. त्यांनी पडद्यात डोकं खुपसून बघितलं आणि म्हणाल्या, "ही वाकडी ओळ असलेली कुठली?"

"सासरची," मी घाबरत म्हटलं.

"हीच जास्त छान आहे. हिच्यात हात दिसतो."

काकूंनी माझ्या पाठीत असा गुद्दा मारला की मंगलाष्टक म्हणणारा माझा भाऊ तिकडे पुण्यात थांबला.

त्यानंतरच्या मे महिन्यात काकू रोमला गेल्या. मुलाने खूप विरोध केला, मग बरोबर येतो म्हणाला, पण त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. काकूंनीच त्याला थांबवलं. लॅबमधल्या एका इटालियन मैत्रिणीची बहीण रोमला होती, तिच्याकडे उतरणार होत्या. विमानतळावर व्हीलचेअर सांगितली होती. निघताना पुस्तकातलं ते मऊ झालेलं पान त्यांनी फाडून पर्समध्ये ठेवलं. "ओळख पटवायला," म्हणाल्या.

मी डार्विनला जायची तयारी करत होते, पण त्यांना आणायला थांबले. सिडनीच्या विमानतळावर त्या व्हीलचेअरमधून आल्या, ढकलणाऱ्या पोरीला काहीतरी समजावत. गाडीत बसल्या आणि विमानातल्या जेवणाबद्दल बोलल्या. मैत्रिणीच्या बहिणीच्या मांजराबद्दल बोलल्या. नॅशनल पार्कच्या कडेने आम्ही बराच रस्ता आलो तरी त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मला विचारायचा धीर होईना. शेवटी विचारलंच.

"काकू, दिसली का?"

"आधी नाही. समोर जाऊन उभी राहिले, तर ढग. माझी सगळीच्या सगळी पिन त्या ढगात. एवढ्या लांब येऊन. मग तोंड फिरवलं आणि शेजारच्या भिंतीकडे बघत उभी राहिले. तेव्हा कडेने यायला लागली. पिवळी. तेवढ्यात तिथला रखवालदार आला. त्याला वाटलं, म्हातारीला कळत नाहीये कुठे बघायचं ते. त्याने मला खांद्याला धरून पिनेसमोर केलं. मी परत फिरले. त्याने परत वळवलं. असं आमचं चाललं होतं."

मला हसू आलं, आणि त्यांनाही.

"मग मैत्रिणीच्या बहिणीने त्याला समजावलं. तो गेला आणि खुर्ची घेऊन आला. बरोबर आडवी ठेवली, भिंतीकडे तोंड करून. आणि मग तो स्वतःही माझ्या शेजारी तसाच उभा राहिला, भिंतीकडे बघत. मला काय दिसतंय ते बघायला."

"रवे दिसले?"

"रवे कसले दिसतात, गं. पण एक कळलं. जिथे रवे आहेत ना, तिथे सोनं चकाकत नाही. बाकीची पिन चकाकते आणि तिथे एकदम मऊ. पावसाळ्यात दगडावर शेवाळ धरतं ना, तसं. सिंह त्या मऊपणातून चालतात. फोटोत हे कधीच कळलं नव्हतं. डोळे धड असते ना, तर मी नुसती रवे बघत बसले असते."

 रस्ता डोंगराच्या कडेला आला आणि खाली उतरायला लागला. डाव्या हाताला, झाडांच्या मधून, खाली एकदम समुद्र उघडला. दुपारच्या उन्हात तो सगळाच्या सगळा लखलखत होता. काकू सीटवर ताठ बसून काचेतून सरळ रस्त्याकडे बघत होत्या. त्यांना कळलं नसेल, असं वाटून मी हळूच म्हटलं, "काकू, डावीकडे समुद्र."

"दिसतोय," त्या म्हणाल्या. मान तसूभर हलवली नाही. "छान दिसतोय. तू रस्त्याकडे बघ."